पसंती माझी, नाव जानरावभाऊंचं

टायर मी पसंत केले होते. जानरावभाऊंनी नाही.

एवढी दोन वाक्यं तोंडातून काढायला मला चाळीसच्या वर वर्षं लागली. म्हणून ती आधीच लिहून टाकते. नाहीतर माझा स्वभाव असा, की सुरुवात टायरनं करीन आणि चार ओळींत लोणच्यावर येईन, आणि मुख्य गोष्ट पुन्हा एकदा राहून जाईल. राहून जाऊ देण्यात मी तशी पटाईत आहे.

महिना-सव्वा महिन्यापूर्वी गावाहून पुतण्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "अन काकू, तो चोपड्या जानराव गेला, अकोल्याले." मी विचारलं, कोण जानराव? मला कळलं नव्हतं असं नाही. आमच्या गावात त्या नावाचे दोन होते, त्यातले एक जाऊन वीस वर्षं झाली. मी मुद्दाम विचारलं. वाटलं, निदान मेल्यावर तरी कुणी या माणसाचं नुसतं नाव घेईल. पण पुतण्या म्हणाला, "अवं, चोपड्या. टायरवाला." त्याच्या आवाजात ना राग होता ना थट्टा. तो जन्मला त्याच्या कितीतरी आधीपासून हे नाव चालत आलेलं, त्यामुळे ते का पडलं हे त्याला ठाऊकच नाही. आमच्याकडे चोपडं म्हणजे गुळगुळीत. ज्या माणसानं काळ्या मातीत जायच्या ट्रकला गुळगुळीत टायर लावले, तो चोपड्या. असं ते नाव. ते लोकांनी ठेवलं, पण त्यांच्या हातात आणून दिलं ते मी.

माझ्या नातवंडांना मी माझ्या तरुणपणीच्या मूर्खपणाच्या गोष्टी सांगते. पुरणात साखरेऐवजी मीठ ओतलं ती, सासूबाईंच्या चष्म्यावर बसले ती, एसटीत दुसऱ्याच बाईच्या नवऱ्याला "उठा, गाव आलं" म्हणून हलवून जागं केलं ती. पोरं पोट धरून हसतात, आणि आपली फजिती विकून टाळ्या घ्यायला मला फार आवडतं. ही गोष्ट मात्र मी त्यांना कधी सांगितली नाही. कारण हिच्यात हसं माझं झालं नव्हतं.

आमच्या सासरी, अकोट तालुक्यात, केळीच्या बागा होत्या, अजूनही आहेत. केळीचं एक वाईट असतं, ती पावसापाण्याचं बघत नाही. कापूस दिवाळीनंतर येतो, तोवर रस्ते वाळलेले असतात. पण केळीचा घड भरला की भर भादव्यातही कापावाच लागतो, आणि कापला की दोन दिवसांत बाजारात गेला पाहिजे. माझ्या सासऱ्यांनी, मी त्यांना मामाजी म्हणायची आणि गाव आबा म्हणायचं, त्यासाठी एक जुना ट्रक घेतला होता. त्यावर ड्रायव्हर जानरावभाऊ. आता त्या ट्रकचं जगणं पाहा. अर्धा दिवस बागेतली पांदण, म्हणजे दोन वावरांमधली मातीची वाट, आणि अर्धा दिवस अकोल्या-अमरावतीचा डांबरी रस्ता. डांबराला एक टायर लागतो आणि मातीला दुसरा. डांबरावर सरळ उभ्या रेघांचा टायर चांगला. गरम होत नाही, झिजत नाही, आवाज करत नाही. मातीत आडव्या खोल खाचांचा पाहिजे. तो माती धरतो आणि फिरता फिरता झटकून टाकतो. खाचांचा टायर डांबरावर चालवला तर घूं घूं करत लवकर झिजतो. आणि रेघांचा टायर काळ्या मातीत घातला तर काय होतं, ते सांगतेच.

जानरावभाऊंची पद्धत साधी होती. पुढच्या दोन चाकांना रेघांचे, मागच्या चारांना खाचांचे. पुढच्या चाकाला नुसतं वळायचं असतं, ओढायचं मागच्याला असतं, असं ते म्हणायचे. पण नुसते टायर लावून ते थांबत नसत. रोज सकाळी एका लोखंडी सळईनं सहाही चाकांवर टोला मारून कान द्यायचे, मडकं घेताना आपण वाजवून बघतो तसं. खाचांत अडकलेली गिट्टी खिळ्यानं एकेक करून काढायचे. आणि पावसाळ्यात ट्रक पांदणीत घालण्याआधी खाली उतरून, चपला हातात घेऊन, पुरी पांदण अनवाणी चालून यायचे. तळव्याला माती किती धरते, टाचेखाली पाणी येतं का, हे पायानं बघायचं. मग येऊन म्हणायचे, जाते, नाहीतर म्हणायचे, नाही जात. मधलं काही नसे. नाही म्हणाले की बाग कितीही भरलेली असो, घड बंडीनं, बैलगाडीनं, सडकेवर यायचे. मी लग्न होऊन आल्याच्या दुसऱ्या वर्षी शेजारच्या माळ्याची सून बागेतल्या खोपडीत, झोपडीत, बाळंतपणाला अडली होती. बंडीत धक्के बसून तिचा जीव जाईल म्हणून सगळे घाबरलेले. जानरावभाऊ अनवाणी जाऊन आले, मागच्या चाकांची हवा थोडी काढली, आणि भरल्या चिखलातून ट्रक असा काढला की त्या बाईच्या उशाशी ठेवलेल्या तांब्यातलं पाणी सांडलं नाही. मुलगी झाली, अकोटच्या दवाखान्यात. त्यानंतर आसपासच्या चार गावांत म्हणच पडली होती... जानराव गाडीवर असला तं गाडी फसत नाही. हे त्यांनी कमावलेलं. त्यांच्याकडे वावर नव्हतं, वाडवडलांचं काही नव्हतं. एवढंच होतं.

आणि मी? मी अमरावतीची, मॅट्रिक पास. इंग्रजी पाट्या वाचता येत म्हणून जगातल्या प्रत्येक गोष्टीतलं आपल्याला कळतं असा माझा समज होता. हातात घड्याळ घालून मी गोवऱ्या थापायला जात असे. कुणी वेळ विचारावी म्हणून नव्हे, दिसावं म्हणून. त्या घड्याळवाल्या बाईला आज भेटले तर दोन कानशिलात देईन.

त्या वर्षी उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं. तेव्हा वऱ्हाडी ट्रकनं जायचे, तशी आमच्याकडची मंडळी आमच्याच ट्रकनं अमरावतीला निघाली. मी पुढं, ड्रायव्हरशेजारच्या बाकावर, सासूबाईंबरोबर. परतवाडा सोडला आणि डांबर चांगलं लागलं तसे मागचे टायर जे घूं घूं करायला लागले ते अमरावतीपर्यंत. मांडवाशी ट्रक थांबला तेव्हा माझी एक मावशी, शहरातली, पावडर लावलेली, सगळ्यांसमोर म्हणाली, काय गं, ट्रकात पिठाची गिरणी बसवली आहे का, आम्हाला दोन चौकांवरून ऐकू येत होतं. सगळा मांडव हसला. लग्नाचे दोन दिवस जो तो मला दळण आणायचं का विचारत होता. मी ते मनात धरलं. आता टायर बदलायची वेळ येऊ दे, असं ठरवलं.

वेळ लगेचच आली. मागचे टायर झिजले होते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर यांना, माझ्या यजमानांना, कावीळ झाली. अंथरुणावरून त्यांनी मला सांगितलं, तू अकोल्याला जा आणि जानराव म्हणतील ते टायर घेऊन ये. जानराव म्हणतील ते. हे शब्द घरात सगळ्यांनी ऐकले होते. पुढं माझं खोटं पचलं ते याच शब्दांमुळे.

मी एसटीनं गेले, जानरावभाऊ ट्रक घेऊन आले. दुकानात मी शिरले ती थेट लुगड्यांच्या दुकानात शिरावं तशी. हा दाखवा, तो दाखवा. टायरवरून हात फिरवून पाहिला. खाचांचा टायर तळहाताला टोचला. रेघांचा मात्र कसा सुबक, एकसारख्या काठाचा. दुकानदाराला विचारलं, याचा आवाज होतो का? तो म्हणाला, ताई, डांबरावर लोण्यासारखा चालतो. त्यातलं 'लोणी' मी ऐकलं आणि 'डांबर' सोडून दिलं. जानरावभाऊ दाराशी उभे होते. वहिनीला ते आमच्याकडच्यासारखं वयनी म्हणत. हळूच म्हणाले, "वयनी, रोडले बेस हाये हा. पर मांगच्या चाकाले नाई चालत. आपल्याले पांदनीत जा लागते." मी म्हणाले, भाऊ, जग पुढं गेलं, तुम्ही अजून ट्रॅक्टरचे टायर धरून बसलात. हे मी दुकानदाराकडे बघत, शुद्ध बोलत म्हणाले. त्यावर ते पुन्हा एकदा म्हणाले, दोन तरी खाचांचे घेऊ. मी ऐकलं नाही. चारही रेघांचे घेतले. बसवून होईपर्यंत ते सळई घेऊन त्यांच्यावर टोले मारत, कान देत होते. काय ऐकलं असेल त्यांनी, कोण जाणे.

श्रावण कोरडा गेला आणि माझं भाग्य उजळलं. ट्रक लोण्यासारखा चालला. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, बघा, आवाज येतो का. मग भादव्यात दोन दिवस पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. वरून माती वाळल्यासारखी दिसत होती. घड कापायला बाया आल्या होत्या, गडी आले होते. हे अजून अंथरुणातच, मामाजी दर्यापूरला कुणाच्या तेराव्याला गेलेले. बागेवर मालकीण मीच, घड्याळासकट. जानरावभाऊ चपला काढून पांदणीत गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या दोन्ही पायांना घोट्यापर्यंत मातीचे बूट झाले होते. म्हणाले, आज बंडीनं काढू. मी घड्याळात पाहिलं. बंडीनं काढायचं तर संध्याकाळ झाली असती, घड दोनदा उचलावे लागले असते, आदळून काळे पडले असते. हे सगळं खरं होतं. पण माझ्या मनात ते नव्हतं. माझ्या मनात एवढंच होतं, की ट्रक आत गेला नाही तर गावात विचारतील, पहिले जात होता आता काहून नाही जात? मग टायरचं निघेल.

मी सगळ्या बायांसमोर म्हणाले, "झिजल्या टायरावर जात होते भाऊ, आता नवे आले तं भेव वाटते काय तुमाले?"

शुद्ध बोलणं त्या दिवशी कुठं गेलं होतं, कोण जाणे. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. ड्रायव्हर माणसाला बायकांसमोर भितोस का विचारणं म्हणजे काय, हे मला तेव्हाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच मी ते विचारलं. जानरावभाऊंनी पायाची माती काडीनं खरवडून काढली, चपला घातल्या, ट्रकवर चढले.

रिकामा ट्रक आत गेला, कडेकडेच्या गवतावरून त्यांनी तो कसातरी नेला. भरून निघाला आणि शंभर पावलांवर बसला. काळी माती त्या सुबक रेघांत अशी भरली की चाक म्हणजे नुसतं लाटणं झालं. लाटणं फिरायचं, पोळी जागेवर. ते पुढं-मागं करून पाहत होते, चाकांखाली तुराट्या टाकल्या, केळीचे खांब टाकले, पोती टाकली, दोन बैलजोड्या लावल्या. ट्रक आणखी खाली गेला. मागची चाकं अर्धी दिसेनाशी झाली. तीन दिवस तो तिथं होता. वाईट हे, की ती जागा सडकेवरून दिसायची. एसटी तिथून जाताना लोक उठून उभे राहून बघायचे. केळी पहिल्या दिवशी हिरवी, दुसऱ्या दिवशी पिवळी, तिसऱ्या दिवशी काळी. तो गोड सडका वास मला अजूनही पिकलेल्या केळ्याजवळ गेलं की येतो. हे लिहिताना आला.

दुसऱ्या दिवशी मामाजी दर्यापूरहून परत आले ते घरी न येता तसेच सडकेवर उतरले आणि पांदणीत आले. धोतर वर खोचलेलं, हातात काठी. गावातली पंधरा-वीस माणसं जमलेलीच होती. मामाजींनी काठीनं मागच्या टायरची माती खरवडली. रेघ दिसली. पुन्हा खरवडली. मग म्हणाले, मांगच्या चाकाले हे असे टायर कोनं घेतले?

जानरावभाऊ चाकाशी गुडघ्यांवर बसून फावड्यानं चिखल उपसत होते. मी त्यांच्यापासून चार हातांवर होते. विचार करायला वेळ नव्हता असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. वेळ होता. मामाजींनी वळून माझ्याकडे बघेपर्यंत वेळ होता.

मी म्हणाले, "जानरावनं."

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना जानरावभाऊ म्हणत होते. त्या दिवशी 'भाऊ' गाळलं. का गाळलं ते माझं मलाच माहीत... भाऊ म्हणून खोटं बोलता आलं नसतं.

फावडं थांबलं. त्यांनी वर पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी सुटले असते. रागावर मला उत्तर देता येतं. पण ते नुसते बघत राहिले, पांदण चालून येताना मातीकडे बघायचे तसे... ही धरते का, हिच्याखाली काय आहे. मग मामाजींना म्हणाले, चुकलं आबा. आणि पुन्हा उपसायला लागले.

मामाजींचा त्या माणसावर जीव होता, म्हणून त्यांना जास्त लागलं. तुले डोळे झाकून गाडी देली अन तुनं गावात माह्यी लाज काढली, एवढंच ते बोलले. चौथ्या दिवशी अकोटहून दुसरा ट्रक आणून, साखळ्या लावून आमचा ट्रक निघाला, आणि त्या दिवसापासून जानरावभाऊ आमच्या गाडीवर नव्हते. यांना बरं वाटल्यावर हे त्यांना परत बोलवायला गेले होते. ते आले नाहीत. आबांचा शब्द आबांनीच मागं घ्यावा, म्हणाले. ते नाही म्हणाले हे ऐकून मला काय वाटलं असेल? बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण तेच वाटलं. रोज समोर दिसणार नाहीत, एवढंच मनात आलं. मामाजी गेले, पुढं हेही गेले. दोघांनाही मी सांगितलं नाही.

गावाला हसायला काहीतरी लागतंच. ज्याची गाडी कधी फसत नाही त्याचीच तीन दिवस फसलेली सडकेवरच्या लोकांनी पाहिली, आणि तीही त्यानं स्वतः घेतलेल्या टायरांमुळे, याहून चांगलं काय मिळणार? चोपड्या हे नाव आठ दिवसांत अकोटच्या बाजारापर्यंत गेलं. मग बागेचं, वावराचं काम त्यांना कुणी देईना. पावसात गाडी आत घालायची म्हणजे दुसरा ड्रायव्हर बघायचे. त्यांना मिळाल्या त्या नुसत्या डांबरावरच्या लांबच्या फेऱ्या. महिना महिना घराबाहेर. त्यांच्या पोरीला शाळेत काय म्हणत ते मी माझ्या कानांनी ऐकलंय, आमच्या दारावरूनच ती शाळेत जायची. मी तिला हाक मारून कधी केळं द्यायची, कधी लाडू. केवढी उदार बाई! पुढं ते घर बदलून अकोल्याला गेले, सडकेच्या कडेला पंक्चरचं लहानसं दुकान टाकलं. आमच्या भागातले ट्रकवाले तिथं पंक्चर काढून घ्यायचे, हवा भरायचे, पण कोणता टायर घेऊ हे विचारायला पुढच्या दुकानात जायचे. चोपड्याला काय विचारायचं टायरचं? त्या एवढ्या भागात टायर ज्याला सगळ्यांहून जास्त कळत होता, त्याच्याकडे फक्त हवा भरून मिळत होती.

शेवटची भेट दोन वर्षांपूर्वीची. माझ्या मुलानं, संजूनं, बागेसाठी नवा लहान ट्रक घेतला. आता टायरांत फार प्रकार आले आहेत. रोडचे, मातीचे, दोन्हीकडे चालणारे. त्याचं डोकं फिरलं होतं. तो फोनवर चित्रं दाखवून मला चिडवत होता, आई, तूच सांग, तुला सगळ्यातलं कळतं. मी म्हणाले, चल अकोल्याला, जानरावभाऊंना विचारू. माझ्या मनात होतं की तिथं, संजूसमोर, सांगून टाकायचं. वाटेत मी वाक्यसुद्धा जुळवलं.

ते दुकानाबाहेर खुर्चीत बसले होते. पाठ वाकलेली, एका डोळ्याला कमी दिसत होतं. संजू पुढं होऊन पाया पडला आणि म्हणाला, "चोपडे काका, मी संजू." त्याला ते आडनाव वाटत होतं. लहानपणापासून ऐकलेलं, आडनावासारखंच आडनाव. मला वाटलं, आत्ता ही जमीन दुभंगली तर बरं. जानरावभाऊ हसले आणि म्हणाले, बस बाप्पा. आतून त्यांच्या बायकोनं, वेणूबाईंनी, न सांगता चहा आणून दिला. माझ्या चहात साखर कमी, ही आठवण ठेवून.

संजूनं चित्रं दाखवली. ते फोन डोळ्याशी नेऊन बघत होते आणि जे विचारत होते ते टायरबद्दल नव्हतंच. वर्षातून किती दिवस गाडी पांदणीत जाते? भरून जाते का भरून येते? पांदणीत मुरूम टाकला का अजून काळीच आहे? संजू म्हणाला, पांदणीत साठ-सत्तर दिवस, बाकी डांबर. "मंग दोन्हीकडचा घेजो मांगं," ते म्हणाले. "दोन्हीकडचा म्हंजे दोन्हीकडे जरा कमीच, हे ध्यानात ठेव. पुढं रेघांचा. अन पांदनीत शिरताना हवा थोडी काढ, सडकेवर आला की पह्यले भर. आळस करू नोको. टायर कोन्ताबी घे, उतरून पायानं पाह्य." संजू सगळं फोनमध्ये टिपून घेत होता. मग त्यानं गंमत म्हणून विचारलं, आईला काय वाटतं ते विचारायचं का? जानरावभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्या चांगल्या डोळ्यात एक मिश्कील काहीतरी हललं, आणि अगदी गंभीर तोंड करून म्हणाले, "इचार ना. वयनीची नजर लय चांगली हाये टायरात. अकोल्यात पाह्यली हाये म्या."

संजू हसला. मीही हसले. ते जुळवलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं, त्यांनी स्वतः दार उघडून दिलं होतं, फक्त आत पाऊल टाकायचं होतं. मी म्हणाले, चला, उशीर होतोय. माणसाला एकदा भीती वाटते ती एक वेळ समजून घेता येते. चाळिसाच्या वर वर्षांनी, सत्तरी उलटल्यावर, म्हाताऱ्या माणसानं हात पुढं केल्यावरही ती वाटावी, याला भीती म्हणत नाहीत. पांदणीतल्या त्या शब्दापेक्षा मला या 'चला'ची लाज अधिक वाटते. तो शब्द मूर्ख पोरीचा होता. हा माझा आहे.

जानरावभाऊंचा तेरावा झाल्यावर मी एकटीच अकोल्याला गेले. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. वेणूबाई मागच्या खोलीत अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. मी बसले आणि या वेळी थांबले नाही. दुकान, लोणी, बायांसमोरचा टोमणा, मामाजींची काठी, 'जानरावनं', आणि दोन वर्षांपूर्वीचा 'चला'ही. सांगता सांगता मला रडू आलं. रडणं हीसुद्धा माझी एक जुनी चलाखी आहे, रडणाऱ्या बाईला कुणी बोलत नाही. वेणूबाईंनी मला गप्प केलं नाही की पाठीवरून हात फिरवला नाही. भाजीचा अर्धा ढीग माझ्यापुढं सरकवला. मी पानं खुडायला लागले. देठ एकीकडे, पानं एकीकडे. मग माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या,

"मले काहून सांगून राहिल्या, वयनी? मले तं त्यायनं त्याच दिवशी सांगतलं होतं. जे हसले, त्यायले सांगा."